नऊ मिनिटं मोजून दाखवा

तार्तूच्या सूपनगरात
रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत.
बटाटा गल्ली संपली की वाटाणा गल्ली,
आणि तिच्या टोकाला माझी सौना:
दोन फळ्यांचे बाक, एक भट्टी,
भिंतीवर वाळूची दोन घड्याळं,
एक सात मिनिटांचं, एक चारचं.
मी लाकडं टाकते. कान उघडेच असतात.

दर गुरुवारी चौघी येतात.
न्यायासनावरून उतरलेली वाइके,
नगरसभेत दुसऱ्यांदा चढलेली हेल्वे,
रोबोंना रस्ता ओलांडायला शिकवणारी त्रीनू,
आणि गणिताची मास्तरीण उर्वे, जिला
"बरी आहेस ना?" विचारलं
तर म्हणते, "कुणाच्या तुलनेत?"

पदं बाहेर खुंटीवर.
आत फक्त टॉवेल, लोकरीची टोपी
आणि मतं.

"या दोन घड्याळांत," उर्वे म्हणाली,
"नऊ मिनिटं मोजून दाखवा.
तोवर दगडांवर पाणी नाही."
"फोन आणू?" त्रीनू.
"ऐंशी अंशांत फोन जीव सोडतो."
"मग मतदान घेऊ," हेल्वे.
"उत्तरावर?"
"नाही, पाण्यावर."

दोन विरुद्ध दोन.
अध्यक्षाचं जादा मत कुणाला,
यावर पुन्हा मतदान. पुन्हा दोन विरुद्ध दोन.
"आल्मा, तू सांग!"
मी ओंडका पुढे सरकवला.
ओंडक्याला पक्ष नसतो.

त्रीनू म्हणाली, "आपल्याकडे अंथरुणातून मत देता येतं,
आवडलं नाही तर बदलता येतं,
शेवटचं दिलेलं तेच खरं."
वाइकेनं घाम निपटला.
"नवऱ्यांबाबत हा कायदा असता
तर माझ्या कोर्टात निम्मी गर्दी झाली असती."

इतक्यात बाहेर काहीतरी केविलवाणं वाजलं.
त्रीनूनं मागवलेली काळी पाव आणि धुरी दिलेली मासळी घेऊन
सहा चाकांचा रोबो निघाला होता,
तो कोपऱ्यावरच्या बर्फात
कूस टेकून पडला होता.

कुणी त्याला अडखळून पडलं तर?
वाइकेचे डोळे चमकले, पेन्शन विसरले.
"दोष कुणाचा? चालवणाऱ्याचा? तो नाही.
लिहिणाऱ्याचा? ती समोर बसलीय.
मागवणारीचा? तीच ती.
आरोपी एक, कलमं दोन!"
"आणि बर्फ?" त्रीनू चिडली. "बर्फ कुणाचा?"
"बर्फ," हेल्वे शांतपणे म्हणाली,
"विरोधी पक्षाचा."

"निवडणुकीआधी रस्ता साफ करीन म्हणालीस,
आणि वाटाणा गल्लीला
वाटाण्याच्याच अक्षता!"

मग चौघी उठल्या.
उणे बारा अंश, टॉवेल, टोप्या,
खांद्यांतून वाफ निघतेय,
जणू चार किटल्या फिरायला निघाल्यात.
खिडकीतून दिसत होतं:
एकीनं पुढचं चाक धरलं, दुसरीनं मागचं.
"तीन म्हटलं की उचला."
"तीनवर, की तीननंतर?"
तिथंही चर्चा. पाय निळे होईपर्यंत.

शेवटी रोबो उभा राहिला,
झाकण हलवून गोड आवाजात म्हणाला, "आइताह."
आभार मानणारा तेवढा एकच निघाला.
न्यायाधीश, नगरसेविका, अभियंता, मास्तरीण,
सगळ्यांनी त्याला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं.

त्या धडाधड आत आल्या. दात वाजत होते.
"किती वेळ गेला?" हेल्वेनं विचारलं.
उर्वे म्हणाली, "नऊ मिनिटं. नेमकी."
कुणी पुरावा मागितला नाही.
वाइकेनंही नाही.
पाण्याच्या बाजूनं चार हात वर गेले,
दगड फुसफुसले,
आणि मासळीचा वास सगळ्यांचा झाला.

त्या बाहेर होत्या तेव्हा
मी आधी सातचं घड्याळ उलटलं होतं,
ते संपल्यावर चारचं.
दार उघडलं तेव्हा
चारची वाळू नुकती तळाला लागली होती.
बोलले नाही.
गणितातही थंडी वाजते.

नऊ कशी मोजायची, तेही मला येतं.
वीस वर्षं त्या घड्याळांसमोर बसते मी.
पण उत्तर सांगितलं
तर पुढच्या गुरुवारी
या भांडणार कशावर?

भट्टीला काय, लाकूड लागतं.